गाणाऱ्या घरातलं मौन

बदलापूर
२९ मार्च २०२५

ती. बाबांस शीलाचा सविनय जयभीम.

वि. वि. काल यशोधराला उल्हासनगरच्या घशाच्या डॉक्टरबाईंकडे दाखवून आणलं. तिच्या आईला, माया वहिनीला रजा नव्हती, म्हणून मीच गेले. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि तुमची नात शेजारीच बसलेली असते. म्हणून ही चिठ्ठी वहिनीबरोबर पाठवते.

घाबरू नका. यशूच्या स्वरतंतूंना सूज आहे, बारीक गाठी धरू लागल्यात. आता जपलं तर ऑपरेशनशिवाय जातील. नाही जपलं तर आवाज असाच फाटका राहील, असं बाई स्पष्ट म्हणाल्या. बाबा, अकराव्या वर्षी पोरीचं गाणं संपायचं म्हणजे काय हो! रात्रभर डोळा लागला नाही.

रियाज कुठे करतेस, असं बाईंनी विचारलं. यशूने मोठ्या अभिमानाने सांगितलं की गल्लीतल्या वर्कशॉपचा ग्राइंडर सुरू झाला की आजोबा खिडकीत उभं करतात आणि मशीनच्या वर आवाज काढायला लावतात. बाईंनी कपाळाला हात लावला. तुम्ही आनंदनगरच्या कंपनीत यंत्रांवर आवाज चढवून गायलात, तुमचा गळाच तसला. तिचा अजून कोवळा आहे. आता पुढच्या तपासणीपर्यंत गाणं बंद, बोलणंही बंद. दिवसभर घोट घोट पाणी, रोज वाफ, वेळेवर झोप. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं काय ते तुम्ही बघा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
आपली शीला

अंबरनाथ
२ एप्रिल २०२५

चि. शीलास बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून आधी रागच आला. आम्ही कसे गायचो ते त्या बाईला काय माहीत, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. तुझी आई म्हणाली की माझ्यावर ओरडून काय उपयोग, पोरीकडे बघा. यशू कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. मी आता कधीच गाणार नाही का, एवढंच तिने पाटीवर लिहिलं होतं.

आपलं घर तुला माहीत आहे. इथे मीठसुद्धा चालीवर मागतात. अशा घरात तिने एकटीनेच तोंड मिटून बसायचं? मी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं की तू बोलशील त्या दिवशी मी बोलेन. तेव्हापासून मी गप्प आहे. तुझी आई म्हणते, लग्न झाल्यापासून एवढं सुख मिळालं नव्हतं. तूही फोन करू नकोस, उत्तर देता येणार नाही.

यशूचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. पाणी, वाफ, झोप, सगळं न सांगता करते. मी खुणेने दुसऱ्यांदा चहा मागितला की पाण्याचा पेला पुढे करते. अगदीच राहवलं नाही तर कानात कुजबुजते. तेवढी मुभा आम्ही दिली आहे.

मंडळाच्या फलकावर तिचा फोटो लागला आहे. अध्यक्ष राजरत्न रोज येतो, एकच गाणं म्हणू दे म्हणतो. जयंतीला आपल्या घरातलं कोणी गायलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मला काही सुचत नाही. तू काय ते कळव.

तुझा, बबन

बदलापूर
५ एप्रिल २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम.

बाबा, ते कुजबुजणं आजच्या आज बंद करा! मी बाईंना विचारलं. कुजबुजण्याने गळ्याला बोलण्याहून जास्त ताण पडतो म्हणाल्या. पाटीच बरी.

तुम्ही गप्प बसलात हे वाचलं आणि माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या मुलांसमोरच मला रडू आलं. मुलांना वाटलं घरात कोणी गेलं की काय. मग त्यांना सगळं सांगितलं. तेव्हा एकेक जण कबूल करायला लागला. कुणाचा घसा आठवडाभर दुखतोय, तर वरच्या मजल्यावर कथक शिकणारी कुणाची बहीण टाच सुजली तरी पट्टी बांधून नाचते. यशूनेही दुखणं लपवलंच होतं. शाबासकी जाईल म्हणून मुलं लपवतात, बाबा. आता क्लास सुरू होताना आधी दुखतंय का ते विचारते, मग हळूहळू खालचे सूर, पाणी, आणि नंतरच गाणं.

जयंतीला तिने गावं असं माझं मत नाहीच. पण आवाज तिचा आहे, तिलाच विचारा.

आईला जयभीम. तुमचा अभिमान वाटणारी,
शीला

अंबरनाथ
२७ एप्रिल २०२५

चि. शीलास जयभीम आणि आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं यशूलाच पाटीवर विचारलं. तिने लिहिलं की गाणार नाही, पेटी वाजवेन. पाटी राजरत्नच्या हातात दिली. त्याने वाचली आणि होकारार्थी मान हलवली.

जयंतीला पोरगी स्टेजवर पेटी धरून बसली. ओठ घट्ट मिटलेले, बोटं मात्र सुरेल. कोरसने छान गायलं. लोक मला आग्रह करत होते, मी हातानेच नाही म्हटलं. काहींना ते आवडलं नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं मीच गात आलो, त्या दिवशी पहिल्यांदा सगळा कार्यक्रम खाली बसून ऐकला. भीती मात्र सारखी मनात होती की पोरीला कायमचं पेटीवरच बसावं लागणार की काय.

काल तपासणी झाली. बाईंनी कॅमेऱ्याने गळा पाहिला. सूज उतरली आहे, गाठी जवळजवळ गेल्या. गाणं हळूहळू सुरू करायचं, तेही शांत खोलीत, तुझ्या देखरेखीखाली. मग बाईंनी यशूला हलकेच आ म्हणायला सांगितलं.

तिने म्हटलं. बारीक, पण स्वच्छ. कुठे खरखर नाही.

आता आजोबांनीही बोलायला हरकत नाही, असं बाई हसून म्हणाल्या. त्यांचे आभार मानायला मी तोंड उघडलं, पण गळा इतका दाटून आला की शब्दच फुटेना. शेवटी माझ्या वतीनेही थँक्यू यशूच म्हणाली.

आमच्यावर आहे तशीच माया ठेव.
तुझा, बबन