मगज तपासून आल्यावर

आप्पा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज शेजारणीच्या स्वयंपाकघरात तुमची फार आठवण आली. मी आता दौंडला राहते, रेल्वे कॉलनीत. शेजारच्या लहानग्याच्या रक्तातल्या पेशी कमी झाल्यात, पुण्याच्या डॉक्टरांनी हाडातला मगज तपासायला सांगितलाय. आणि त्याची आजी ओट्याला टेकून तेच म्हणत होती, जे आपली भावकी तेव्हा म्हणाली होती: "पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लुळं पडतंय."

मी तिसरीत होते. पायांवर जांभळे डाग, नाकातून रक्त सुरू झालं की थांबायचं नाव नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे की दुसरं काही, ते मगज बघितल्याशिवाय कळणार नाही. हे ऐकून आपल्या निमोणे गावाहून जीप भरून माणसं आली. थोरले चुलते वॉर्डाच्या दारातच म्हणतात, "सही करू नगंस. लुळी पोर उद्या कोण करून घील?" तुम्ही सरळ बाईंपुढे जाऊन पाठ केलीत. "बाई, सुई कुठं घालनार ते माज्या अंगावर दावा." त्यांनी कमरेखाली, मागच्या हाडावर अंगठा टेकवला. "इथं. कण्याला हात लावत नाही. रक्त हाडाच्या आत तयार होतं, तिथलंच थोडं काढायचं." "म्हंजी नळीतला मगज व्हय!" अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेल्या माणसाला आणखी काय समजवायचं? बाहेर येऊन तुम्ही चुलत्यांच्या कमरेत तिथंच अंगठा असा रुतवलात की ते उडालेच. "कण्यापासनं लांब हाय का न्हाई? सांगा!" "आरं सोड, सोड, हाय लांब!" अख्खा वॉर्ड हसला. नाकात कापूस घालून मीही हसले. मग तुम्ही सही केलीत.

कॅन्सर नव्हता. मगज पेशी नीट बनवत होता, माझंच शरीर त्या मोडून टाकत होतं. गोळ्यांनी बरी झाले. पण ते पुढचं. गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा कमरेवरची पट्टी तशीच होती. आई मला उचलायला वाकली, तर तुम्ही तिला अडवलंत. "चालू दे तिला. समद्यास्नी बघू दे. एक मेंढरू पाण्यातनं पार झालं की बाकीची भीत न्हाईत. उद्या कुनाच्या पोराला ही सुई लागली तर?" तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज वाटतं, केवढं मोठं मन! स्वतःची पोर अजून बरी व्हायची, आणि हा माणूस गावातल्या पोरांचा विचार करतोय.

आज हे सगळं आजींना सांगितलं, माझ्या कमरेवर जागा दाखवली, वर त्यांच्यासमोर चालूनही दाखवलं. त्या बराच वेळ माझ्या पायांकडं बघत राहिल्या. "बरं, मी बी येती संगं," म्हणाल्या. सकाळच्या गाडीनं निघतील.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी लई दुखत होतं, आप्पा. घरं लागली की मी ताठ चालायचे, मधे नुसतं शेत असलं की लंगडायचे. तुम्ही पुढं होतात. हाक मारली असती, तर तुम्ही मला उचलून घेतलं असतंत. म्हणून मारली नाही.