ठिणगीचा ठराव

चारा छावणी, पाटोदा रस्ता
५ मार्च २०१९

चि. शिवकन्या हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीला जाताना दर महिन्याला पत्र लिहिते म्हणाली होतीस. दोन महिने सरत आले. जाडजाड पुस्तकं पाठ करणाऱ्या पोरीला आजी नावाची एक बाई हाय एवढंच कसं आठवत न्हाई? फोनचं सांगू नकोस. फोनवर बोललेलं कानातून निघून जातं. पत्र मी कनवटीला लावते आणि वाटलं की पुन्हा कोणाकडून तरी वाचून घेते. मला अक्षर येत न्हाई म्हणून मला पत्रच नको, हे तुला कोणी सांगितलं? हे पत्र आपल्या दूध संस्थेचा सचिव सटवा लिहितोय. तोंड वाकडं करतोय, तेही त्यालाच लिहायला लावलंय.

महिना झाला, मी आणि कपिली गाय छावणीतच हाव. कपिलधारच्या धबधब्याला यंदा धार न्हाई, मग आपल्या विहिरीचं काय विचारतेस. कपिली सहा लिटरवरून अडीचवर आली, पण धार काढताना अजून लाथ मारते, म्हणजे जीव शाबूत हाय.

खरी काळजी संस्थेची. एक्केचाळीस बायांपैकी अठरा जणी ऊसतोडीला गेल्या. उरलो तेवीस. बैठकीला एकवीस लागतात. दोन बैठका मोडल्या. दुसऱ्या वेळी बावीस जणी जमल्या, पण मी चेअरमन म्हणून असा आवाज चढवला की सिंधुबाई आणि सरूबाई बसल्या जागेवरून उठून गेल्या. आता एकोणीस तारखेची तिसरी. तीही मोडली तर आपली संस्था सर्जेरावाच्या संस्थेत घालू, असं निबंधक कचेरीचे साहेब सांगून गेलेत. तिथं धार बाया काढतात आणि पावतीवर नाव दादल्याचं. सोळा वर्षं माझ्या पावतीवर माझं नाव हाय. मला ते वाचता येत न्हाई, पण कुठं लिहिलंय ते बोटाला माहीत हाय.

तू फोनवर कुऱ्हाडवाल्या बाईचा खेळ सांगत होतीस, तेवढ्यात रेंज गेली. ती बाई माझ्या डोक्यातून जात न्हाई. सगळं नीट लिहून कळव.

इकडची काळजी करू नकोस, तिकडची लपवू नकोस.

सांगणार सारजाबाई
लिहिणार सटवा

*

पुणे
१० मार्च २०१९

ती. आजीस शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

कान पकडले. आता ऐक.

दर रविवारी आम्ही पाचजण टेबलाभोवती बसतो. युसूफ वडगाव या गावचा राधाकिशन गोष्ट रचून सांगतो आणि आम्ही चौघं त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतो. काय करायचं ते आपण बोलायचं. ते जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझी बाई म्हणजे ठिणगी. रानटी टोळीतली, ठेंगणी, समोरचा एक दात नाही, कमरेला मिसरीची डबी. ती चिडली की तिला घाव निम्मेच लागतात. पुढचामागचा विचार न करता कुऱ्हाड घातली तर वार सहसा चुकत नाही, पण मग समोरच्याचाही तिच्यावर चुकत नाही.

आता तिची बढती झाली आहे. तिला रानटीपणाला जोडून आणखी एक विद्या घेता येते. योद्ध्याची घेतली तर हात अजून चालेल. मांत्रिकाची घेतली तर मंत्र मिळतील, पण एक मेख आहे: राग अंगात असेपर्यंत मंत्र म्हणताच येत नाहीत. शाहिराची घेतली तर तिच्या शब्दाने सोबत्यांना जोर चढेल, तोही रागात नसतानाच. चोराची घेतली तर दबकं पाऊल, कुलपं, आणि समोरच्याचं लक्ष नसताना नेमक्या जागी छोटी सुरी. एकदा घेतलेली विद्या परत करता येत नाही.

राधाकिशन म्हणतो, ठिणगी दारं फोडण्यापुरतीच, कशाला डोकं चालवतेस. सगळे हसले. मी हसले नाही. ३१ तारखेच्या रविवारी सांगायचंय. आजी, तू सांगशील तेच घेईन.

कपिलीच्या लाथेपासून जप. माया आहे तशी राहू दे.

तुझी विसरभोळी
शिवकन्या

*

चारा छावणी
२३ मार्च २०१९

चि. शिवकन्या हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सटवाने छावणीत मोठ्यानं वाचलं. चाऱ्याच्या रांगेतल्या बाया सरकत सरकत जवळ आल्या. चोराच्या विद्येपाशी येताच मी त्याला थांबवलं. बाया ओरडल्या, कामून थांबवलं, पुढं वाच म्हणून. मी म्हटलं, उरलेलं एकोणीस तारखेच्या बैठकीत, आणि तेही सगळ्यात शेवटी. सटवाला कागद टोपीखाली ठेवायला लावला.

एकोणीसला तेवीसच्या तेवीस जणी हजर. सिंधुबाई आणि सरूबाई माझ्याकडं पाठ करून बसल्या, पण बसल्या. दुधाचा, पेंडीचा, टँकरचा, सगळे विषय झाले. एकही बाई उठली न्हाई. मग ऐनवेळच्या विषयात ठिणगी घेतली.

काय भांडण झालं म्हणून सांगू! वच्छलाबाई शाहिरावर अडून बसली. ती म्हणाली, गाणारी बाई असली की बाकीच्यांचे हात चालतात, ऊसतोडीत कोयत्यावर तिनं पाहिलंय. योद्धा म्हणजे भाकरीला भाकरी लावून खाणं, त्यात कालवण कुठं, असं सरूबाई म्हणाली, आणि रागात तोंडून धड शिवी निघत न्हाई तिथं मंत्र कुठले निघणार, असं सिंधुबाई. हे म्हणताना तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग छबुबाई बोलली. ती आयुष्यात बैठकीत बोललेली न्हाई. म्हणाली, ही उघड्या छातीनं कुऱ्हाड घालणार, म्हणजे सगळ्यांचे डोळे कुऱ्हाडीवर. तेव्हा दुसरा हात काय करतो ते कोण बघतंय? पोरी, माझ्या अंगावर काटा आला. एवढी अक्कल बाईनं सोळा वर्षं पदराखाली ठेवली होती!

हात वर झाले. चोराला बारा, शाहिराला सात, योद्ध्याला तीन. मांत्रिकाला चंद्रभागाबाईचा एक, त्याला कोणीच न्हाई म्हणून दयेपोटी.

आता वाईट ऐक. सटवा सरळ माणूस. बैठकीत हात वर झाले की ठराव लिहायचा, एवढं त्याला पाठ. त्यानं संस्थेच्या बुकात ठराव क्रमांक पाच म्हणून लिहून टाकलं की, ठिणगी या रानटी बाईने चोरीची विद्या शिकावी, असे बहुमताने ठरले. सूचक छबुबाई. खाली आमचे तेवीस अंगठे. काल साहेब आले, बुक उघडलं आणि ठिणगी कोण, सभासद हाय का, संस्था चोरी शिकवते का, म्हणून विचारत बसले. सटवाने त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. साहेब बुक घेऊन गेले. बैठक खरी धरायची की खोटी, ते आठ-दहा दिवसांत कळवणार हायेत.

तू चोरच घे. साहेब काहीही म्हणोत, बायांनी हात वर केलेत. आणि तिला दात का न्हाई? माझाही न्हाई, पण मी कुऱ्हाड घेऊन फिरत न्हाई.

जिवाला जप, जेवत जा.

सांगणार सारजाबाई
लिहिणार (मान खाली घालून) सटवा

*

पुणे
१ एप्रिल २०१९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग झोप उडाली. माझ्या खेळापायी तुझी पावती जायची वेळ आली. साहेबांना मी स्वतः माफीचं पत्र लिहू का?

तरी कालचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोंगरातल्या पाण्याच्या दारावर एक राक्षस बसला होता, किल्ल्या त्याच्या कमरेला. राधाकिशनला वाटलं, ठिणगी दार फोडणार. ती राक्षसावरच धावली, छाती उघडी टाकून. त्याने सोटा हाणला, तिला लागला. तो कुऱ्हाडीकडे बघत राहिला आणि तिने डाव्या हातातल्या सुरीने किल्ल्यांची वादी कापली. फासा टाकला तर वीस! सगळे खुर्च्यांवरून उठले. मी सांगितलं, ही छबुबाईंची चाल आहे. राधाकिशनने त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

आणि दाताचं. पहिल्या दिवशी ठिणगीचं वर्णन लिहायला कोरा कागद मिळाला, तेव्हा मला जगात न घाबरणारी एकच बाई आठवली. पण तिला दोनच गोष्टी येतात असं मला वाटायचं, चिडणं आणि माया करणं. अर्धं पत्र टोपीखाली ठेवून बैठक भरवणं तिला आधीपासून येत होतं, हे मला माहीत नव्हतं.

साहेबांचं लवकर कळव. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी
शिवकन्या

*

चारा छावणी
९ एप्रिल २०१९

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माफीचं पत्र लिहू नकोस. काल साहेब बुक घेऊन आले. पाचव्या ठरावावर त्यांनी तांबडी रेघ मारली, कारण ठिणगी सभासद न्हाई. बाकीचे चार ठराव कायम, तेवीस अंगठे खरे, बैठक खरी. संस्था आपली राहिली. बायांनी साहेबांना चहा पाजला, दुधाचा.

जाताना साहेबांनी सटवाला बाजूला घेऊन ठिणगीचं रविवारी काय झालं ते विचारलं. सटवाने सुरीचं सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांनी मांत्रिक घेतला असता. मी लांबून ओरडून सांगितलं की रागात मंत्र निघत न्हाई. हे ऐकून सिंधुबाई इतकी हसली की तिच्या बादलीतलं दूध हिंदकळलं. काल तिनं माझ्या कपिलीची धार काढली. कपिलीनं तिला लाथ मारली न्हाई. दगाबाज गाय.

छबुबाईचं नाव पुण्यात वहीत लिहिलंय, हे सटवानं तिला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती स्वतःच म्हणू लागली.

दाताचं तू लिहिलंस ते सटवानं हळू आवाजात वाचलं. मी त्याला म्हटलं, मोठ्यानं वाच.

आता विसरू नकोस. एसटीने येणाऱ्या कोणाकडे तरी नानकटाई पाठव. कडक काही नको, दातांचं तुला माहीत हाय. तेवीस बायांचे तेवीस पुडे बांध. माझा त्यातच हाय. चोविसावा वेगळा बांध आणि त्याच्यावर ठिणगीचं नाव घाल. तोही माझ्याकडंच दे.

सांगणार सारजाबाई
लिहिणार सटवा