गुलबीबीच्या घरचे नऊ दिवस

॥ श्री ॥
मुक्काम पेशावर, पौष वद्य ५, शके १७८६

ती. पार्बताबाई, मुक्काम अकोला, यांस धाकट्या चंद्रभानाचा दंडवत प्रणाम. वि. वि.

तुझे कार्तिकातले पत्र परवा पावले. टपालवाल्याने ते तीन गल्ल्या फिरवले, कारण पत्त्यावर तू नुसतेच ‘चंद्रभान, वऱ्हाडातला’ असे लिहिलेस. पेशावरात वऱ्हाडातला मी एकटाच, म्हणून हाती तरी आले. महानुभाव पंथात दीक्षा घेऊन मला चार वर्षे झाली, महंतबाबांनी पंथाच्या कामासाठी इकडे पाठवून दोन, तरी दीक्षेचे नाव तुझ्या लेखणीतून उतरत नाही. कडेवर घेऊन फिरवले त्याला बाबा कसे म्हणू, असे तुझे म्हणणे. नको म्हणूस. इथे सगळे म्हणतात, तेवढे पुरे.

आता मुख्य गोष्ट. डोंगराकडे दोन दिवसांच्या वाटेवर एक गाव आहे. तिथे आपल्या पंथाची चार दुकानदार घरे आहेत. त्यांना भेटायला मी मार्गशीर्षात एकटाच निघालो आणि वाटेत बर्फात सापडलो. वऱ्हाडाची थंडी म्हणजे इथल्या थंडीची थट्टा आहे. पाय गेले, मग जीभ गेली, नाव घेता येईना. पुढचे मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी एका पठाण बाईच्या चुलीपाशी होतो आणि अंगावर तिचाच मेंढीच्या कातड्याचा अंगरखा होता. बाईचे नाव गुलबीबी. विधवा, वयाने आपल्या आईएवढी, मेंढ्या राखते. अंगावर कातडे पाहून मी ते ओढून टाकू लागलो, तर तिने माझा हात धरून दोनदा सांगितले की ही मेंढी आपोआप मेलेली आहे, मारलेली नाही. ती त्या दुकानदार घरांना ओळखत होती, म्हणून काळी वस्त्रे आणि गळ्यातली माळ पाहून तिला आमचे नियम उमगले होते. तिने भांडे राखेने तीनदा घासले, मग त्यात दूध तापवले. ताप उतरेपर्यंत नऊ दिवस मी तिथे होतो. त्या नऊ दिवसांत तिने स्वतःही मांस शिजवले नाही. मुलगा कुरकुरला, तर त्याला बहिणीकडे जेवायला पाठवले.

भिक्षा कोणाच्याही दारी मागावी, जात विचारू नये, हे मी मठात शेकडो वेळा ऐकले होते. ऐकण्यात आणि तिच्या हातच्या भाकरीचा घास घेण्यात किती अंतर असते ते तिथे कळले. देव तेव्हा जितका जवळ वाटला तितका ध्यानाला बसूनही कधी वाटला नव्हता. खरे सांगू, त्या नऊ दिवसांत माझा गुरू कोण होता असे कोणी विचारले, तर मी त्या बाईकडे बोट दाखवीन.

महंतबाबांना हे सवडीने, नीट शब्दांत कळवीन. हे पत्र तुझ्यापुरते. आईला गुडघ्यांना तेल लावत जा म्हणावे. माया आहे तशी राहो.

चंद्रभान

—

॥ श्री ॥
मुक्काम अकोला, फाल्गुन शुद्ध १२, शके १७८६

चि. चंद्रभान यास पार्बताबाईचे आशीर्वाद. तू धाकटा, पण दीक्षा घेतलेला, म्हणून दंडवतही. दोन्ही घे आणि मग बोलणी खा.

तुझ्यापुरते, असे तू पत्राच्या शेवटी लिहिलेस. अरे, ते वरती लिहायचे, पाकिटावर लिहायचे. परदेशी गेलेल्या साधूचे पत्र घरी फोडत नाहीत, हे तू विसरलास काय? ते मठात न्यायचे, देवाच्या ओट्यावर ठेवायचे, सगळ्यांनी त्याला दंडवत घालायचे आणि महंतांनी फोडून सगळ्यांना वाचून दाखवायचे. मी तेच केले. वर्षातले पहिले पत्र म्हणून मिरवत अमरावतीला नेले. नवे लुगडे नेसून पुढे बसले. मला वाचता येते, मठातल्या तपस्विनीबाईंनीच शिकवले, तरी मी मेलीने डोकावूनही पाहिले नाही.

बर्फापर्यंत महंतबाबांनी छान वाचले. बायकांनी डोळे पुसले. कातड्यापाशी त्यांचा आवाज उतरला. गुरूच्या ओळीपाशी ते थांबले आणि पत्र उपडे घातले. मग सभा बसली. निकाल असा: तू आपल्या हाताने लिहून पाठवायचे की त्या बाईच्या घरचे अन्न घेतले ते पाप, अंगावर कातडे घेतले ते पाप, आणि तिला गुरू म्हटले ते सगळ्यांत मोठे पाप. कागद गोकुळाष्टमीच्या आत आला नाही, तर तू पंथातून बाहेर. मग आपल्या माणसांपैकी कोणी तुला दंडवत करायचा नाही, दारात घ्यायचे नाही, आईनेसुद्धा नाही.

मला तुझा राग आला आहे. भाकरी खाल्लीस ते समजले, कातडे पांघरलेस तेही समजले, पण गुरू म्हणायची काय गरज होती? पदरात पडले ते मुकाट घ्यायचे आणि पुढे चालायचे. महंतांचा तर इतका राग आला आहे की त्यांचे नाव निघाले की माझी पोळी करपते. आणि सगळ्यांत जास्त राग माझा मला. इकडे सासरी माझा पाण्याचा माठ वेगळा ठेवला आहे. सासू म्हणते, भावाने बाटवलं, आता भोगा म्हणा. घरचे, म्हणजे शेषराव, यांना तो माठ रोज दिसतो. ते रोज दुसरीकडे बघतात.

कागद लिही असे माझ्याने म्हणवत नाही. नको लिहू म्हणायची छाती नाही. आईने हे ऐकल्यापासून दुसरे काही विचारलेले नाही, एवढेच विचारते की त्या बाईले थंडी वाजली असंन ना, तिचा अंगरखा तर यानं घेतला.

उत्तर लवकर पाठव. पाकिटावर माझे नाव मोठे घाल. बहिणीवर रागावू नकोस.

पार्बताबाई

—

॥ श्री ॥
मुक्काम अमरावती, चैत्र शुद्ध ३, शके १७८७

चि. चंद्रभान यास खुशालरावाचे आशीर्वाद. वि. वि.

मला लिहायला फुरसत नाही. अमेरिकेतल्या लढाईपायी विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून गत्यंतर नाही. दारात दलाल बसलेले असतात आणि कापसाच्या गाड्यांनी रस्त्यात माणसाला पाऊल टाकायला जागा नाही. अशा वेळी चारचौघांत मान खाली घालायची पाळी तू आणलीस. महंतबाबांच्या नव्या सभामंडपाचा पहिला खांब आपल्या घरचा आहे. त्या खांबाशी मला आता उभे राहवत नाही.

तीन ओळींचा कागद आहे. लिहून टाक. पेशावरच्या त्या बाईला तो कोण वाचून दाखवणार आहे? तिला मराठी येत नाही, तिचे काही जात नाही. इकडे आमचे सगळे जाते. आईचे वय झाले. तिला तू दिसायला हवास की नको, याचा विचार कर. थोरल्या भावाचे एवढे ऐक.

खुशालराव

—

॥ श्री ॥
मुक्काम पेशावर, ज्येष्ठ शुद्ध ९, शके १७८७

ती. पार्बताबाईस चंद्रभानाचा दंडवत. वि. वि.

तुझे आणि दादाचे, अशी दोन्ही पत्रे मिळाली. तुझ्या माठाचे वाचून मी त्या दिवशी भिक्षेला गेलो नाही. तुझी चूक नाही. रीत होती, तू पाळलीस. पत्राला दंडवत घालायचे आणि पत्र लिहिणाऱ्याला दाराबाहेर काढायचे, ही रीत मात्र मला शिकवलेली नव्हती.

मी कागद लिहायला बसलो होतो, हे तुला सांगतो. आईसाठी बसलो. दादाचे म्हणणे खोटे नव्हते, तिला मराठी येत नाही. पहिली ओळ लिहिली: त्या बाईच्या घरचे अन्न घेतले ते पाप. शाई वाळायच्या आत ती बाईच अंगणात येऊन उभी राहिली. लोकर विकायला शहरात आली होती. काय लिहितोस, असे तिने विचारले. मी खोटे बोललो. आईला पत्र लिहितो म्हणालो. ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली की मग माझा सलाम लिही. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत तेही विचार. तापात मी तिच्या बोलीत आईच्या गुडघ्यांचे काहीतरी बरळलो असेन, ते तिने ध्यानात ठेवले होते. मग आपलेही गुडघे दुखतात म्हणाली आणि हसली.

बाई, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आणि लाजेमागून राग आला, तो अजून उतरलेला नाही. पंथ उभा करणाऱ्या माझ्या स्वामींनी कोणाची जात विचारून घास घेतला होता? इथल्या चार घरांना मी हेच शिकवतो. ती माणसे माझ्या शब्दावर आपल्या भाऊबंदांचे टोमणे सोसतात. त्यांच्यापुढे उद्या कोणत्या तोंडाने उभा राहू? महंतबाबांनी मला ज्या कामाला पाठवले तेच मी केले. ते काम त्यांना अमरावतीत बसून आवडले नाही, तर त्याला मी काय करू?

मी तो कागद फाडला. दुसरा लिहिणार नाही. पंथ मला टाकील, मी पंथाला टाकणार नाही. काळी वस्त्रे माझ्याजवळ आहेत, नाव आहे, भिक्षेला दारे आहेत. आईचे तोंड मात्र आता दिसणार नाही, हे मला कळते. तू तिला सांग. कसे सांगायचे ते तुला माझ्यापेक्षा चांगले कळेल.

आहे तितका जीव लावत राहा.

चंद्रभान

—

॥ श्री ॥
मुक्काम अमरावती, श्रावण वद्य १२, शके १७८७

चि. चंद्रभान यास पार्बताबाईचे आशीर्वाद आणि दंडवत. हो, दंडवत. मनाई तीन दिवसांपासून लागू आहे आणि मी ती तीन दिवसांपासून मोडते आहे.

तुझे पत्र मी आईला एकटीला वाचून दाखवले. गुडघ्यांचे आले तेव्हा तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग उठून गाई बांधायला गेली. मला वाटले रडेल. रडली नाही.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मठात पंगत होती. पाने वाढून झाल्यावर महंतबाबांनी उभे राहून निकाल सांगितला आणि वर म्हणाले की मैनाबाईंनी सर्वांसमोर आपल्या मुलाला टाकले असे म्हणावे, म्हणजे घर शुद्ध होईल. आई पानावर बसलेली होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईला जेवणाच्या पानावरून असे विचारायचे. मला राहवले नाही. मी बायकांच्या रांगेतून उठले आणि विचारले की बाबा, अमरावतीच्या दलालांनी तुम्हाला जी बैलांची दमणी दिली तिच्या गादीला चामडे आहे, ते कोणत्या मेंढीचे? ती आपोआप मेली होती का, हे तुम्ही कोणाला विचारले? ते म्हणाले, बायकांनी मधे बोलू नये. मी म्हणाले, मला वाचायला याच मठात शिकवले, मग बोलायचे कुठे?

तोवर आई उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश. ती एवढेच म्हणाली की माह्या लेकराले जिनं मरू देलं नाही तिचं अन्न पाप असंन, तर हे जेवण मले पचाचं नाही. आणि पान तसेच ठेवून चालू लागली. मी मागोमाग गेले. मागे वळून पाहिले तर हेही उठलेले, माझे शेषराव, सहा महिने माठाकडे न बघणारे. पंजाबातून दर्शनाला आलेले दोन गृहस्थही उठले. त्यांनी दारात आईला दंडवत केला. खुशालदादा उठला नाही. तो जेवला. हे मी लिहून ठेवते आहे, त्याने वाचले तरी चालेल.

आता आम्हीही बाहेर. आईला पुढच्या पंगतीचे बोलावणे नाही आणि माझ्या सासूने पंगतीतच बजावले की आता माठच काय, चूलही वेगळी. शेषराव मात्र इथे माझ्या हातचेच जेवतात आणि मीठ कमी आहे म्हणतात. म्हणजे सगळे ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी आईने आणखी एक केले. अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव पडला, म्हणून दादाने चांगल्यातला चांगला कापूस बांधून वखारीत ठेवला आहे. आई भरदिवसा, दलालांच्या देखत, विळा घेऊन तिथे गेली आणि एका बोजाचे दोर कापले. दादा धावत आला. आईने मान वर केली नाही, लुगड्याच्या ओच्यात कापूस भरत राहिली. ओचा पुरेना. मग दादाने आपले उपरणे काढून जमिनीवर पसरले आणि तोही भरू लागला. त्या कापसाची दुलई शिवली आहे. ते पंजाबी गृहस्थ उद्या निघतात, त्यांच्या हाती पाठवते.

ती तुझी नाही, हात लावू नकोस. सोबत आईचे पत्र आहे. तिने सांगितले तसेच लिहिले, एक अक्षर सुधारले नाही. ते जिचे तिला वाचून दाखव. आमच्यावरची माया कमी करू नकोस, आता आमच्याकडे तुझ्याशिवाय साधू नाही.

पार्बताबाई

—

॥ श्री ॥

गुलबीबी बाईले अमरावतीच्या मैनाबाईचा दंडवत.

तुहा सलाम पोचला. गुडघे दुखून राहिले, पण चालता येते. परवाच्या दिवशी लय चाललो. तुह्या गुडघ्याले गरम तीळतेल लावजो, तिकडं तीळ भेटत नसंन तर हा पोरगा कुठून तरी आणून देईन, त्याले कामाले लावजो.

दुलई धाडली. कापूस आमच्या वावरातला हाये. तुहा अंगरखा माह्या पोरानं घेतला, तवापासून मले झोपताना तेच सुचे का ही बाई काय पांघरत असंन.

माहा पोरगा तिकडंच राहीन. त्याले इकडं येता येत नाही आन् मले तिकडं येता येत नाही. काहून, ते त्याले विचारू नको, तो सांगाचा नाही. तो लहानपणापासून तापात बडबडते. आजारी पडला तर डोकं लागते त्याले कोणाच्या तरी मांडीवर. माहा हात तिथपावतर पुरत नाही. तुहा ठेवजो.