आल्मेरेच्या यादीत अकरावी

११ जानेवारी
आल्मेरे नगरपालिकेसाठी पक्षाची यादी लागली. मी अकरावी. निवडून येणार तीन, फार तर चार. पहिल्या नंबरवर मरीके. ती म्हणाली, "तुझ्या स्वतःच्या नावावर भरपूर मतं पडली तर वर येशील." निखिल म्हणाला, "हौस म्हणून ठीक आहे." नवरा असून असं बोलतो! आमच्या वस्तीची बस बंद करायला निघालेत. सायकल चालवा म्हणे. भर पावसात, पोर पुढे बसवून? मला निवडून यायचंच आहे.

१७ जानेवारी
सुपरमार्केटबाहेर पत्रकं वाटली. बोटं गारठली. डच लोक गोड हसून पुढे. आपल्या बायका त्याहून गोड: "अगं, पासपोर्ट भारताचा, आम्हाला कुठलं मत?" पाच वर्षं इथे राहिलं की नगरपालिकेला मत देता येतं, हे कुणाला माहीतच नाही. पत्रकं कसली वाटत बसलेय!

२४ जानेवारी
हळदीकुंकू. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वाण काय, तर लाल पेन्सिल. इथे मतपत्रिकेवर नावापुढचा गोल लाल पेन्सिलनेच भरतात. मरीके घाबरली. "ही लाच नाही ना?" म्हटलं, "वाण आहे. न देता पाठवलं तर मात्र मतं जातील." एरवी नवऱ्याकडे बघून बोलणाऱ्या सुलभाताई उठून म्हणाल्या, "बस गेली तर माझी नोकरी गेली. मत तुलाच. आणि ह्यांनाही ओढत आणते."

१८ मार्च
मतदान. दिवसभर फोनवर एकच. "पहिलं नाव नको गं, अकरावं!" आपल्या लोकांना पहिल्याला डावलणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. घसा बसला.

२३ मार्च
आले! निवडून आले! माझ्यापेक्षा जास्त मतं फक्त मरीकेला. लेक डचमध्ये किंचाळली, शेजारी दार उघडून बघायला. निखिलने सगळ्या मजल्यावर शिरा वाटला. हौस म्हणे! आज मला आभाळ ठेंगणं झालंय.

१४ एप्रिल
मरीकेबरोबर कॉफी. ती म्हणाली, इतर पक्षांशी युती हवी तर बसचा हट्ट सोडावा लागेल. परवा सभागृहात त्यावर मतदान. "पहिल्याच सभेत पक्षाच्या विरोधात हात वर करू नकोस."
म्हटलं, "आमच्या बायकांना विचारून सांगते." ती हसली. तिला थट्टा वाटली बहुतेक.
घरी येऊन सुलभाताईंना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, परवा आम्ही सगळ्याजणी सभागृहात मागच्या बाकांवर येऊन बसणार.
बसनेच येणार आहेत.