ट्रेलर जोडायला मनाई

गेर्लिंगेन,
१९ एप्रिल २००९

प्रिय उर्जा,

एर्लांगेनला कोर्ससाठी पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी मजेत आहे म्हणालो, ते खरं नव्हतं. तू जाऊन चारच दिवस झालेत आणि मी दोनदा आमटीत मीठ घालायला विसरलोय. बाल्कनीतली मेथी मात्र उगवली. तुझी आई, सरला, दर शनिवारी तुला मराठी वाचायला बसवायची तेव्हा मी तिची चेष्टा करायचो, की इथं हिला मराठीत पत्र लिहिणार कोण! आता मीच लिहितोय. सावकाश वाच. हे तुझ्या तोंडावर बोलायचं मला धाडस नाही.

२००३ च्या ऑक्टोबरातला तो शनिवार तू विसरली नसशीलच. सरलाला जाऊन आठ महिने झाले होते. तुला लांब येनाच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, खोलीही मिळाली होती, फक्त संध्याकाळी पाचच्या आत जाऊन किल्ली घ्यायची होती. पलंग, कपाट, आईचं शिवणयंत्र, सगळं आपण शेजारच्या हेर मायरच्या ट्रेलरवर बांधून ठेवलं होतं. आपल्या छोट्या गाडीला तो ओढवला नसता, म्हणून भाड्याची गाडी. तू इंटरनेटवर लांब डिकीची कोंबी गाडी निवडली होतीस. माझा गुडघा दुखतोय, ऑटोमॅटिक घे, असं मी म्हणालो. कोंबी ऑटोमॅटिकमध्ये नव्हती, म्हणून तू दुसरी गाडी निवडलीस. मागे ट्रेलरचा हूक आहे ना, एवढं तू फोटोत बघून घेतलंस. मी मान डोलावली आणि तू बटण दाबलंस.

काउंटरवर किल्ली हातात पडायच्या बेतात होती. मीच त्या माणसाला विचारलं, की हिला ट्रेलर लावला तर चालेल ना? त्यानं यादी काढली. हूक असला तरी त्या मॉडेलला ट्रेलर जोडायला कंपनीची मनाई होती, जोडलाच तर विमा लागू नाही. परवानगी फक्त कोंबींना, आणि त्या सगळ्या रविवारपर्यंत बाहेर गेलेल्या. किती रडलीस तू! माझ्यामुळे झालं, असं जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत राहिलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या शनिवारी जाऊ म्हणालो. तोवर खोली दुसऱ्याला गेली, येनात दुसरी मिळेना. शेवटी तू इथं जवळच स्टुटगार्टला नाव घातलंस आणि घरीच राहिलीस.

ही साडेपाच वर्षं मी सुखात काढली, कशाला लपवू? सकाळची तुझी बससाठीची धावपळ, रविवारी आपण दोघांनी मिळून बिघडवलेले पोहे. पण तेव्हापासून तू कुठलाही फॉर्म भरलास की आधी माझ्यापुढे ठेवतेस. साधं रेल्वेचं तिकीट काढतानाही बाबा, बरोबर आहे ना, असं विचारतेस. एवढी हुशार पोरगी, आणि स्वतःवर काडीचा विश्वास नाही.

परवा घरच्या नंबरवर येनाच्या विद्यापीठातून एका प्राध्यापकबाईंचा फोन आला. डॉक्टरेटची जागा तू नाकारलीस म्हणे, वडील एकटे पडतील म्हणून. तीस तारखेपर्यंत त्या तुझी वाट बघणार आहेत. उर्जा, तुझा बाप वॉशिंग मशीनचं माहितीपत्रकसुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. त्या कंपनीच्या अटी मी आदल्याच आठवड्यात ऑफिसात छापून वाचल्या होत्या. कुठल्या गाडीला मनाई आहे ते मला ठाऊक होतं. गुडघा दुखत नव्हता. तू गेलीस तर या घरात मी कसा राहू, या भीतीनं मी तुला ती गाडी घ्यायला लावली, आणि दोष तुझ्या माथी राहू दिला. तुझी चूक कधीच नव्हती. आजच त्या बाईंना फोन कर. माझी कीव करू नकोस. हवा तेवढा राग कर, आणि रागानं का होईना, पण जा.

तुझाच,
बाबा