मस्कतचं स्वस्त तिकीट

अब्बा, मी मस्कतला आले त्याला आज बारा दिवस झाले. लेकीच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. दुपार आहे, बाहेर ऊन इतकं की गॅलरीतली चादर अर्ध्या तासात कडक होते. आत लेक आणि तिचं बाळ झोपलंय. तुम्ही माझी ही लेक पाहिली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. तुम्ही ज्या शहरात एकोणीस वर्षं बेकरीत पाव भाजलेत, तिथेच ती नवऱ्याबरोबर संसार करते. तुमची बेकरी कुठे होती ते मला ठाऊक नाही. जावयाला विचारलं, तो म्हणाला, आता तो सगळा भाग बदललाय.

तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं पुढच्या महिन्यात येणार होतो. पण तिचं ब्लडप्रेशर एकदम वाढलं आणि डॉक्टरांनी दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन केलं. जावयाचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. "अम्मी, मुलगा झालाय. लहान हाय, काचेत ठेवलाय. तिची तब्येत पण बरी न्हाय. तुम्ही येता काय?" मी म्हटलं, येते. "परवाचं तिकीट मिळतंय. स्वस्तातलं हाय, जेवण मिळणार न्हाय, सीट जी येईल ती. एकट्यानं याल ना?" ह्यांचा पासपोर्ट अजून यायचा होता. मी म्हटलं, त्यात काय, येईन की. फोन ठेवला आणि वाढायचा डाव माझ्या हातातून खाली पडला.

तुम्हाला सांगते, आपल्या घरात विमानातून परत आलेलं शेवटचं माणूस तुम्ही होतात. चाचा मुंबईहून टेम्पोतून पेटी घेऊन आले, तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. अंगणात माणसं उभी आहेत, कोणी बोलत नाही. पेटीवर कागद चिकटवलेत, एक लाल बाण आहे आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. चाचा मला म्हणतात, "तुला वाचता येतं ना, बघ काय लिवलंय." मी पुढे होऊन वाचते: ही बाजू वर. मग सुतार येतो आणि पटाशीने खिळे काढायला लागतो. त्या दिवसापासून आकाशात विमान दिसलं की मी मान खाली घालते. पुढे ह्यांनी दोनदा विमानाने मक्केला जाऊन उमरा करायची गोष्ट काढली, दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगितलं. ह्यांना वाटलं, मला घर सोडवत नाही.

ह्यांनी दुकानातल्या काट्यावर माझ्या बॅगा तोलल्या. हातातल्या बॅगेला सात किलोच चालतात, एक पिशवी जरी जास्त झाली तरी अडवतात, असं जावयाने दहा वेळा बजावलं होतं. मेथीचे लाडू, अळीव, सोडे, तांदळाचं पीठ, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, सगळं मोठ्या बॅगेत भरलं. पहाटेच्या नमाजानंतर शेजारच्या व्हॅनने निघालो. ह्यांना विमानतळाच्या दारापर्यंतच येता आलं. तिथल्या शिपायाने माझा पासपोर्ट पाहिला आणि मी एकटी आत गेले.

काउंटरवरच्या मुलीने चित्रांचा एक कागद पुढे केला. "मावशी, यातलं काही आहे का बॅगेत?" त्यात खोबरंही होतं. मी खरं ते सांगितलं. "काढावं लागेल. त्यात तेल असतं, पेट घेतं," ती म्हणाली. मी विचारलं, "वर गेल्यावर?" ती हसली नाही. "नियम आहे, मावशी." रांगेतल्या लोकांसमोर खाली बसून मी बॅग उघडली. कपडे उपसले, खोबरं शोधून बाजूला ठेवलं, पण बॅगेची चेन परत लागेना. मागच्या बाईने वाकून ती ओढून दिली. आपण ज्यात बसणार आहोत ते खोबऱ्याच्या वाटीनेसुद्धा पेटू शकतं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

पुढे दोन तास नुसतं बसायचं होतं. गेटचा नंबर मध्येच बदलला. सगळे उठून चालायला लागले म्हणून मला कळलं, मग मीही त्यांच्यामागे धावले. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला तुमच्या सुट्ट्या आठवत होत्या. दर दोन वर्षांनी तुम्ही यायचात आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात चुलीपाशी पाटावर बसून विमानातल्या जेवणाच्या ताटातले साखरेचे पुडे आमच्या हातावर ठेवायचात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमच्या मांडीला टेकून मी विचारलं, "अब्बा, विमानात तुम्हाला भय वाटतं काय?" तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. "असला सवाल परत इचारायचा न्हाय." आवाज चढवला नव्हतात, पण चहा तसाच टाकून तुम्ही अंगणात गेलात. अम्मा मला म्हणाली, "लांबून आलेल्या माणसाला काय पन इचारतेस." मला वाटलं, मी तुमचा अपमान केला. भय बायकांना वाटतं आणि मी ते तुम्हाला लावलं. त्यानंतर मी तुम्हाला तुमच्या मनातलं कधीच काही विचारलं नाही.

विमानापर्यंत बसने नेलं आणि उन्हात उभा जिना चढायला लावला. मला मधली सीट आली होती, जवळजवळ शेवटची. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते, पाठ मागे होत नव्हती. खिडकीपाशी साठीचा एक माणूस बसला होता, म्हसळ्याकडचा. माझ्या तोंडचं एक वाक्य ऐकूनच त्याने ओळखलं. "आपल्याकडचे दिसता. पयल्यांदा काय?" मी मान हलवली. त्यानेच पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. विमान वर चढताना खालून धडधड झाली तेव्हा मी त्याच्या मनगटाला धरलं, परका माणूस आहे याचंही भान राहिलं नाही. तो म्हणाला, "चाकां आत घेतात. तेचा आवाज." नंतर फेरीवाल्यांसारखी गाडी ढकलत मुली खायला विकायला आल्या. माझ्याजवळ चपात्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या. मी फक्त पाणी मागितलं.

दोन तास बरे गेले म्हणायचे. मग उतरायची वेळ आली. खाली डोंगर दिसले, घरं दिसली, रस्त्यावरच्या मोटारी इतक्या जवळ आल्या की रंग कळायला लागले. विमान डाव्या अंगाला कललं, पुन्हा उजव्या अंगाला. आता टेकणार असं वाटत होतं तेवढ्यात इंजिन किंचाळल्यासारखं झालं आणि आम्ही सरळ वर जायला लागलो. मागे कोणीतरी बाई रडायला लागली. मी कलमा म्हणायला गेले तर मला शब्दच आठवेनात, अब्बा. लहानपणापासून पाठ असलेले शब्द. पेटीवरचा तो बाण तेवढा डोळ्यांसमोर उभा राहिला. शेजारच्या माणसाकडे पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत आणि दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. पायलट काहीतरी बोलला. शेजारच्याने डोळे न उघडताच मला सांगितलं, "वारा आडवा हाय म्हणतो. फिरून परत उतरवनार."

आम्ही फिरत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मधेच मी त्याला विचारलं, "तुम्हाला एवढ्या वर्सांनी पन भय वाटतं?" त्याने आता डोळे उघडले. "तीस वर्सां येतोजातो. दर खेपेला असाच बसतो. घरी कुनाला सांगितलां न्हाय." मी म्हटलं, "का?" तो म्हणाला, "पोरांना कललां तर ती जाऊ देतील काय? आनि मी न्हाय गेलो तर चूल कशावर पेटेल? एकदा तोंडातून निघालां का मग पाय उचलनार न्हाय, बाय."

अब्बा, त्या माणसाच्या मुठी बघत बघत मी खाली उतरले. दुसऱ्या वेळी विमान दणकन टेकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेच माझी बॅग काढून दिली आणि गर्दीत निघून गेला. मी त्याचे आभारही मानले नाहीत. तुम्ही चहा टाकून उठलात त्या संध्याकाळी तुमची सुट्टी नुकती सुरू झाली होती. परत जायचं विमान समोर होतं, आणि मी नेमकं तेच विचारलं. तुमचा अपमान झाला नव्हता. तुम्ही घाबरला होतात, आणि ते सांगण्याची सोय तुम्हाला नव्हती. एकोणीस वर्षांत किती वेळा गेलात आणि आलात, तेवढ्या वेळा तुम्ही एकटेच घाबरलात.

विमानतळावरून जावई मला थेट दवाखान्यात घेऊन गेला. लेकीने विचारलं, "अम्मी, विमानात काय त्रास झाला?" मी म्हटलं, "काय न्हाय गं, बसले आणि आले." काचेतल्या बाळाच्या नाकाला नळी होती, छाती चिमणीसारखी उडत होती. पहिले तीन दिवस मी खुर्चीवरून उठले नाही. चौथ्या दिवशी नळी निघाली. परवा त्याला घरी आणलं. लेकीचं ब्लडप्रेशरही आता ठीक आहे.

माझं परतीचं तिकीट येत्या मंगळवारचं आहे. स्वस्तातलं असल्यामुळे ते बदलता येत नाही, गेलं तर गेलं. तिकडे ह्यांचे जेवणाचे हाल चाललेत, अंगणवाडीतून दोनदा फोन आला. तरी आज सकाळी मी लेकीला म्हटलं, बाळ अजून नाजूक आहे, मी आणखी महिनाभर थांबते. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि ती रडली. जावयानेही लगेच होकार दिला, व्हिसा वाढवून घेतो म्हणाला. पण बाळ धडधाकट आहे, अब्बा. दूध नीट पितं, वजन वाढतंय, डॉक्टरही काल तेच म्हणाले. मी थांबतेय ते बाळासाठी नाही.