धुण्याचं पाणी

९ एप्रिल, मंगळवार
दुपारपर्यंत दवाखान्यात पेशंट. निम्म्यांना खरूज. आठवड्यातून एकदा अंघोळ म्हटल्यावर दुसरं काय होणार.
संध्याकाळी शीतल चारा छावणीवरून थेट इकडे आली. चेहरा फुललेला. तिच्या अभ्यासाचे आकडे हाती आले. कपडे गरम पाण्यात धुणारी घरं एका बाजूला, कपडे पिशवीत गच्च बांधून आठवडाभर ठेवणारी दुसऱ्या बाजूला. मलम दोघांना तेच, गुणही सारखाच. म्हणजे पाण्यावाचून भागतं. "मॅडम, हे छापून येईल ना?" येईल, म्हणाले.
कारखान्याच्या ट्रस्टनं फेलोशिप सुरू केल्यापासून टिकलेली ही पहिलीच पोर. आधीचे दोघे लेसर क्लिनिकात गेले. तिच्या दुसऱ्या वर्षाचा निर्णय २३ च्या बैठकीत. मार्गदर्शक म्हणून सही माझी.
टँकर आज नाही.

११ एप्रिल, गुरुवार
शीतलबरोबर छावणीत. धुण्याच्या गटातल्या सोजरबाईंनी पत्र्याच्या पेटीतून आम्ही दिलेल्या साबणाच्या वड्या काढून समोर मांडल्या. कागदासकट.
"मोजून घ्या बाई. एक बी मोडली न्हाई."
शीतलनं विचारलं, "मग धुण्यासाठी दर आठवड्याला दिलेलं पाणी?"
"बैलानं पेलं."
"आजी, ते कपड्यांसाठी होतं."
"खाज मला हाय, तहान त्याला हाय. आधी कुनाचं बघावं, तुमीच सांगा."
बाया हसल्या. एक म्हणाली, "आमी बी तसंच केलं. पर ही पोरगी लई मन लावून लिवून घ्यायची. कावून तिचं मन मोडायचं?"
मलाही हसू आलं. शीतलनं ते पाहिलं.

१२ एप्रिल, शुक्रवार
तिनं आज घरोघर पुन्हा विचारलं. धुतलेलं जवळपास कुणीच नाही. तुलना करायला धुणारं घरच उरलं नाही; वर्षाचं काम गेलं.
पाण्याची कल्पना माझी. गुरांच्या छावणीत, तहानलेल्या गुरांच्या डोळ्यांपुढे, कपडे धुवायला पाणी भरून ठेवायचं! शीतलनं तेव्हाच विचारलं होतं, "वापरतील का?" मी म्हणाले, "वापरतील गं, आपण सांगू ना." वीस वर्षं केजमध्ये दवाखाना चालवते. हे मला कळायला नको?

१६ एप्रिल, मंगळवार
अहवालाचा खर्डा आला. साबण, बैल, सगळं लिहिलंय तिनं. काही लपवलेलं नाही. शेवटी एक वाक्य: "नियोजनातील ही चूक माझी आहे."
वाचलं. छान लिहिलंयस, म्हणाले. त्या वाक्याबद्दल काहीच बोलले नाही.
कारण आहे. नियोजनात मार्गदर्शक चुकला तर ट्रस्ट मार्गदर्शक बदलतो. तालुक्यात दुसरा त्वचारोगतज्ज्ञ नाही, म्हणजे फेलोशिपच बंद. शीतलला हे माहीत आहे, म्हणून चूक स्वतःवर घेतली. हे कारण खरं, की मला सोयीचं? दोन्ही असेल.

१८ एप्रिल, गुरुवार
ट्रस्टचे अध्यक्ष नाना यांच्याकडे गेले. सगळं ऐकून ते पोट धरून हसले.
"डॉक्टरीणबाई, बैलानं पाणी पेलं ह्यात लाजायचं काय? पर कागदावर कशाला? तेवढं पान काढा. मंगळवारी पाच मिनटांत मंजूर करतो."
"नाना, अहवाल खोटा होईल."
"खोटा न्हाई हो. आखूड होईल."
माणूस वाईट नाही. पोरीसाठीच म्हणत होते. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. वाईट असते तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

२० एप्रिल, शनिवार
पान ठेवलं. तिचं ते वाक्य खोडून खाली माझ्या हातानं लिहिलं: "पाणी देण्याची सूचना मार्गदर्शकाची. डॉ. शीतल यांनी शंका घेतली होती, मी ऐकली नाही." सही. तारीख. ट्रस्टच्या ऑफिसात देऊन आले.
हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. खरं मी बोलले, भोगायचं तिनं. आणि तिला विचारलं कुठे?

२२ एप्रिल, सोमवार
ऊन आग ओकतंय. दुपारी शीतल आली. सांगितलं सगळं.
"विचारायचं तरी होतं, मॅडम."
"हो."
मग म्हणाली, पुण्याच्या लेसर क्लिनिकातून बोलावणं आलंय. आज सहापर्यंत कळवायचंय. इकडची बैठक उद्या.
सकाळीच नानांना फोन करून बैठक आज घेता येईल का विचारायला हवं होतं. पण पुण्याचं मला आत्ता कळतंय. अन् बैठकीला बाहेरचे दोन प्राध्यापक उद्याच येणार. थांब म्हणावंसं वाटलं. कशाच्या जोरावर म्हणू? ट्रस्ट उद्या नाही म्हणाला तर?
तिनंच विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"
"होते ना. एम.डी. झाल्यावर मलाही एक जागा होती, संशोधनाची. निकाल यायचा होता. मी थांबले नाही, दवाखाना टाकला."
"पस्तावलात?"
"रोज नाही."
ती हसली नाही. पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "सोजरबाई काय म्हणाल्या माहितीय? दोनच लुगडी, एक बांधून ठेवलं तर नेसायचं काय. बांधणाऱ्या घरांनी खरंच आठवडाभर बांधून ठेवले का, हे मी विचारलंच नव्हतं. आता आकडे दोन्हीकडचे कच्चे."
गेली. सहा वाजून गेलेत. पुण्याला काय कळवलं, ते मी विचारलेलं नाही.